पोपट बसमधला वानवळा

येसूकाकीला कुणी फुकट काही दिलं, तर ती आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघते, मग वस्तूकडे, आणि मग विचारते, "का?"

या एका 'का'पायी तिनं आयुष्यात बरंच काही गमावलंय. निवडणुकीतल्या छत्र्या, बँकेच्या मेळाव्यातल्या पिशव्या, कुठल्याशा उद्घाटनातला स्टीलचा डबा. आरोग्य शिबिरात चष्मा मिळाला तेव्हा तर डॉक्टरीणबाई चष्मा घेऊन तिच्या मागं शाळेच्या फाटकापर्यंत आल्या होत्या. काकी म्हणाली, "बाय माजे, डोळं माजं, चष्मा तुजा. मी काय दिलं तुला?" शेवटी डॉक्टरीणबाईंच्या गाडीत तोंडल्यांची पिशवी गेली, तेव्हा कुठं चष्मा काकीच्या नाकावर आला.

ही सवय तिची तरुणपणापासूनची. लग्न होऊन आमच्या वाडीत आली तेव्हा ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन लोणावळ्याला जायची. एकदा येताना एका बंगलेवाल्यांनी तिला आपल्या मोटारीत घेतलं. मागच्या शिटावर बसवून थेट वाडीच्या तोंडाशी सोडलं. काकीच्या पदरात त्या दिवशी बाजारात न खपलेली गावठी अंडी होती. साहेब पैसे घेणार नाहीत हे तिला ठाऊक, म्हणून उतरताना तिनं अंडी गुपचूप शिटावर ठेवली. पुढच्या वळणावर बाईसाहेब मागच्या शिटावर आरामात बसायला गेल्या. ती मोटार त्यानंतर आमच्या रस्त्यानं यायची, पण काकी दिसली की वेग वाढवायची.

अशा बाईच्या दारावरून फुकटची बस सुरू झाली. आता बोला.

झालं असं की, औंढ्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला 'रंगमेघ' नावाचं पार्क झालं. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, राहायला हॉटेलं, सगळं एका कुंपणात. त्यांना रस्ता हवा होता तो आमच्या वावरांतून. ग्रामसभेत काकीचा नवरा, गेणूआबा, उठून म्हणाला, "रस्ता देतो, पर त्या रस्त्यानं तुमची बस जानार आसंल तर आमी काय कडंला उभं राहून टाळ्या वाजवायच्या?" म्हणून ठरलं की लोणावळा स्टेशनपासून पार्कपर्यंत बस सगळ्यांना मोफत. पाहुण्यांना पण आणि वाडीला पण. बसच्या अंगावर भला मोठा हिरवा पोपट रंगवलेला. दुसऱ्या दिवसापासून बसचं नाव 'पोपट' पडलं.

मी त्याच बसवर कामाला आहे. स्टेशनवर पाहुण्यांच्या मनगटाला कागदी पट्टी चिकटवायची आणि बसबरोबर ये-जा करायची. लोणावळ्यात बी.कॉम. केलं त्याचा उपयोग एवढाच, की पट्टी सरळ चिकटते.

पहिल्या दिवशी वाडीच्या थांब्यावर लोक यष्टीला चढतात तसे चढले. रतनबाईनं जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकला. एसी बसची काच कुठं उघडते? रुमाल काचेवर आपटून तिच्याच तोंडावर आला. आत गेल्यावर निम्म्या लोकांनी कंडक्टर शोधला, आणि तो नाही म्हटल्यावर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. एक म्हातारा तर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "तिकीट न्हाई म्हंतोस, मंग पडली-झडली तर भरपाई कशावर मागायची रं?"

येसूकाकी मात्र बसलीच नाही. ती डोक्यावर भाजीची पाटी घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला निघाली, नेहमीसारखी. चालत.

बसचा ड्रायव्हर नूरमहंमद मुलाणी. मूळचा टाकवे बुद्रुकचा, आता लोणावळ्यात गवळीवाड्यात राहतो. आधी याच रस्त्यावर त्याची प्रवासी भरून नेणारी वडापची जीप होती. फुकटची बस आली आणि जीप बसली. मग पार्कनं त्यालाच बसवर घेतलं. तो स्वतःच हसून सांगायचा, "ज्यानं गाडी घालवली त्यानंच स्टेरिंग दिलं." त्यानं काकीशेजारी बस हळू केली आणि दार उघडलं.

"मावशी, बसा की."

"किती घेशील?"

"काय न्हाई. फुकट हाय."

"मंग नगं."

बस पुढं गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आतले मुंबईचे पाहुणे खिडकीला नाक लावून बघायचे, की ही कोण बाई रोज एसी बसला नकार देते. शेवटी एका सकाळी नूरभाऊ म्हणाला, "बरं ऱ्हाऊ द्या. पाटी तरी द्या बसमदी. तुमी या चालत."

काकी थांबली. विचारात पडली. "पाटी बसली काय आन् मी बसले काय," असं काहीतरी पुटपुटत ती चढली. बाजारात उतरताना तिनं पाटीतून दोन काकड्या काढून गिअरच्या शेजारी ठेवल्या.

"मावशी, हे नगा करू. कंपनी वरडंल."

"कंपनीला कोन देतंय? वानवळा हाय ह्यो. आमच्या येलाची पयली काकडी."

वानवळा म्हटल्यावर नूरभाऊनं काकड्या ठेवून घेतल्या, कारण तोही मावळातलाच. वावरात जे पहिलं येतं ते आधी आपल्या माणसांच्या घरी जातं, मग बाजारात. एखाद्याला वानवळा दिला, म्हणजे त्याला आपल्यात धरला. तो परत केला तर भांडणच. आणि ज्या भांड्यातून तो येतो ते भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं, हेही नूरभाऊला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी काकीची पिशवी परत आली, त्यात बिस्मिल्लाभाभीनं केलेल्या नानकटाया होत्या.

झालं. येसूबाई देते म्हटल्यावर बाकीच्यांना हात हलवत चढायची लाज वाटायला लागली. घेवडा आला, दुधी आला, रतनबाईकडून खरवस आला. नूरभाऊच्या समोरचा कट्टा मंडईसारखा दिसायला लागला. पाहुण्यांना वाटायचं ही पार्कचीच सजावट आहे, 'ग्रामीण अनुभव' वगैरे. ते फोटो काढायचे. नूरभाऊ निम्मं पार्कच्या झाडूवाल्यांत आणि वॉचमनांत वाटायचा, निम्मं घरी न्यायचा, आणि ज्याचं त्याचं भांडं काहीतरी घालून परत आणायचा. ईदला काकीच्या डब्यातून शीरखुर्मा आला तेव्हा गेणूआबानं डबा चाटूनपुसून साफ केला आणि म्हणाला, "ह्या बसला आजून दोन-तीन फेऱ्या वाढवा म्हनावं."

दिवाळी झाली. भात झोडपून झाला. काकीनं नवीन इंद्रायणी एका फडक्यात बांधली आणि बसमध्ये चढल्या चढल्या गाठोडं नूरभाऊच्या हातात दिलं. पुढच्या शिटावर एक पाहुणा मोबाइल आपल्याच तोंडासमोर धरून बडबडत होता. त्यानं मोबाइल वळवला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ आमच्याकडे फिरत फिरत आला. खाली लिहिलं होतं : 'मोफत बस? बघा, ड्रायव्हर गरीब म्हातारीकडून काय वसूल करतोय!'

दुसऱ्या दिवशी बसवर पार्कला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा नवा ड्रायव्हर. काकी चढली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"निल्या, नूरमहंमद कुटं हाय?"

मी सांगितलं. गाड्यांचं सगळं बघणारे सुहास सर आहेत, त्यांनी त्याला घरी बसवलंय. ड्रायव्हरनं प्रवाशाकडून पैसा किंवा वस्तू घ्यायची नाही असा नियम आहे. शुक्रवारी चौकशी, मग ठेवायचा की काढायचा ते ठरेल. काकीनं व्हिडिओ मागितला. चष्मा लावून दोनदा बघितला.

"म्हातारी कुनाला म्हंतंय ते?"

"काकी, तो मुद्दा नाही."

"गरीब कुनाला म्हंतंय? तीन पोती झाली अवंदा." मग फोन माझ्या हातात परत देत ती म्हणाली, "दिलं मी, आन् घरी बसवला त्याला. असं व्हय?"

ती पुढच्याच वळणावर बस थांबवून उतरली आणि वाडीकडे चालायला लागली. पाठीवरूनच कळत होतं की आता काहीतरी होणार.

त्या संध्याकाळी ती घरोघरी फिरली. नूरमहंमद परत येईपर्यंत पोपटमध्ये कुणी पाय ठेवायचा नाही. गेणूआबा म्हणाला, "आज बस बंद पाड. उंद्या रस्ता बंद पाड. परवा मला पाठुंगळी घिऊन दवाखान्यात जा." पण वाडीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी थांब्यावर काळं कुत्रं नाही. म्हणजे एक होतं, पण ते नेहमीच असतं.

काकीनं संध्याकाळी मला दारात गाठलं. "काय म्हंत्यात तुजं सायेब? घाबरलं का?"

आता हिला कसं सांगायचं? "काकी, साहेब खूश आहेत. पाहुण्यांना पाय पसरून बसता आलं. एकीनं तर आज गाडी किती शांत होती म्हणून कौतुक लिहून पाठवलंय."

काकी म्हणाली, "आपन उतरलो तर त्यांची गाडी हलकी झाली व्हय?"

"हो."

"ऱ्हाऊ दे मंग. उंद्यापास्नं बसा म्हनावं समद्यांनी." आणि जरा थांबून, "चौकशी म्हंजी काय रं? इचारत्यात ना?"

"विचारतात."

"कुनाला?"

"नूरभाऊला."

"त्याला कशाला? देनारी मी."

तिनं माझ्याच फोनवरून नूरभाऊला फोन लावायला लावला. तो बिचारा खचलेला होता. म्हणाला, "मावशी, तुमी नगा त्रास घिऊ. मी चूक झाली म्हनतो, हात जोडतो. ठिवलं तर ठिवतील."

"चूक? कसली चूक?" काकी एवढ्यानं ओरडली की फोनची गरज नव्हती. "वानवळा घेतला ही चूक आसंल, तर मी काय तुला लाच दिली व्हय रं? खबरदार हात जोडशील तर!"

मलाही वाटत होतं की त्यानं माफी मागू नये. माफी मागितली की ती कागदावर येते, आणि कागदावर आलेला माणूस काढायला सोपा जातो. ठेकेदाराचा ड्रायव्हर तर बस धुऊनपुसून तयारच बसला होता. पण हे मी काकीला सांगितलं नाही. ती आधीच तापली होती, त्यात आणखी लाकडं कशाला घाला?

शुक्रवारी सकाळी काकी रतनबाईला आणि आणखी चार-पाच जणींना घेऊन पोपटमधून पार्कला आली. प्रत्येकीच्या हातात एक रिकामं भांडं. डबा, तांब्या, पातेली. ठेकेदाराच्या ड्रायव्हरनं भांड्यांकडे बघून दार लावायचंच सोडून दिलं होतं, मी आठवण केली.

पार्कच्या फाटकावर वॉचमन म्हणाला, "मावशी, आत जायला तिकीट लागतं. पण तुम्ही गावातल्या, सोडतो तशाच."

चूक केली त्यानं.

"फुकट?" काकी म्हणाली आणि फाटकासमोरच फतकल मारून बसली. "सायबाला हितं बोलव."

बाकीच्या बायाही बसल्या. तिकिटाची रांग त्यांना वळसा घालून नदीसारखी वाहायला लागली. शेजारी पार्कचा पोपट उभा होता. म्हणजे पोपटाच्या वेषात आमच्याच वाडीचा पप्पू, पोरांशी हात मिळवायच्या कामावर. पोरं पोपटाला सोडून बायांकडे बघायला लागली. दहा मिनिटांत सुहास सर बाहेर आले, मागं नूरभाऊ. त्याच्या हाताची बोटं एकमेकांत अडकलेली, जोडायच्या तयारीत. काकीनं डोळे वटारले तशी ती सुटली.

सुहास सर तळेगावचे. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं तर आधी खाली जमीन आहे का बघणारे. ते उकिडवे बसून म्हणाले, "आजी, असं रस्त्यात नका बसू. आपण ऑफिसमध्ये बोलू."

"आजी आसंल तुमच्या घरी. हितंच इचारा. ह्यानं माज्याकडून भाडं घेतलं का न्हाई, ते इचारायचंय ना?"

"तुम्ही तांदूळ दिलेत, ते व्हिडिओत दिसतंय."

"दिलं. आन् ह्ये काय हाय?" तिनं डबा पुढं केला.

"रिकामा डबा."

"आज रिकामा. त्यातनं शीरखुर्मा आला, नानकटाया आल्या, माज्या नातीला ताप आला तवा ह्याच्या घरचं सूप आलं. रतने, तुजा तांब्या दाव." रतनबाईनं तांब्या उचलून गुलगुल्यांचा हिशेब सांगितला. पातेलीवालीनं बिर्याणीचा. "आता मला सांगा सायेब, यष्टीचा कंडक्टर तिकिटाच्या बदल्यात बिर्याणी देतो का? भाडं आसंल, तर कोन कुनाचं भाडं देत हुतं?"

रांगेतलं कुणीतरी हसलं. तेवढ्यात पोपटानं दोन्ही हातांनी आपलं मुंडकं उपटलं. आत घामानं निथळणारा पप्पू. "सर, खरंय. नूरभाऊनं आणलेला दुधी माझ्या घरी पण..." पुढचं ऐकू आलं नाही, कारण पोपटाचं डोकं निघालेलं बघून दोन पोरांनी भोकाड पसरलं होतं.

"डोकं घाल आधी!" सर ओरडले. पप्पूनं घातलं, उलटं.

सरांनी कपाळ चोळलं. मग जे म्हणाले ते, मला आजही वाटतं, प्रामाणिकपणे म्हणाले. "मावशी, त्यानं वसुली केली नाही, हे मला पटलं. तसं मी लिहीन. पण गाडीत देणंघेणं चालू राहिलं तर उद्या दुसरा कुणी ड्रायव्हर खरंच वसूल करेल, आणि वानवळा म्हणेल. मी कसं ओळखायचं? त्याला परत घेतो. पण तुम्ही लिहून द्यायचं, की बसमध्ये ड्रायव्हरला काही देणार नाही. पुन्हा दिलंत, तर त्याला काढणार."

सगळ्या बाया काकीकडे बघायला लागल्या. मी पण. तिच्याकडे काय मागितलं गेलं ते वाडीला कळत होतं. त्या माणसाची नोकरी राहायची असेल, तर येसूबाई गराडेनं यापुढं फुकट बसायचं. रोज. हात हलवत.

 काकीनं डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. नूरभाऊ पुढं होऊन म्हणाला, "मावशी, नगा लिहून देऊ. माजं बघतो मी काय ते."

"तू गप." ती उठली, गुडघ्यावर हात देत. "आना कागद."

सर शाईचा पॅड मागवायला लागले. "पॅड कशाला?" काकी म्हणाली. "सही येती मला." आणि तिनं वेळ घेऊन, एकेक अक्षर दाबून सही केली. अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूलाही उमटली असतील.

सोमवारी नूरभाऊ बसवर आला. थांब्यावर बायांनी नुसता गलका केला. काकी शेवटी चढली. बाजाराची पाटी मागं ठेवली आणि पुढच्या शिटावर येऊन बसली. हातांचं काय करावं ते तिला कळेना. मांडीवर ठेवले, पदरात घातले, मग समोरचा दांडा धरला, जणू बस तीच ओढणार होती. नूरभाऊ आरशातून बघत होता. स्टेशनावर उतरताना गिअरजवळ तिची नजर गेली. मूठ वळली. तशीच उतरली.

मला वाटलं, संपलं. आयुष्यभराचा हट्ट कंपनीनं एका सहीत मोडला.

पुढचा रविवार. नूरभाऊची सुट्टी, म्हणून बसवर ठेकेदाराचाच ड्रायव्हर. पोपट वाडी सोडून औंढ्याकडे वळला, तर पुढं रस्त्याच्या कडेनं काकी चालली होती, डोक्यावर गाठोडं. मी दार उघडायला लावलं.

"काकी, चढा की! कुठं निघालात?"

"गवळीवाड्यात."

"मग बसा. स्टेशनाला सोडतो."

"न्हाई." ती थांबलीसुद्धा नाही. "इंद्रायनी हाय, ड्रायव्हरची. बसमदी न्यायची न्हाई, लिहून दिलंय मी."

"अहो, तो ड्रायव्हर आज बसमध्ये नाहीच!"

"नसंल. सही माजी हाय." तिनं गाठोडं सारखं केलं. "बस पार्काची. घर त्याचं. जा तू फुडं, पावनं खोळंबल्यात."

आम्ही पुढं गेलो. काचेतून मागं बघितलं तेव्हा ती तेवढ्याच वेगानं येत होती. चढाला कमी नाही, उताराला जास्त नाही.

दुपारच्या फेरीला ती स्टेशनावर उभी. आता डोक्यावर काही नव्हतं. हातात सकाळच्याच फडक्याचं गाठोडं, टम्म फुगलेलं, वरून बिस्मिल्लाभाभीच्या हातची घट्ट गाठ. ती सरळ बसमध्ये चढली, पुढच्या शिटावर बसली, गाठोडं मांडीवर घेतलं. ठेकेदाराचा ड्रायव्हर सटपटला. "मावशी, मला काही देऊ नका हां. उगं माझी नोकरी जायची."

"तुला कोन देतंय?" काकी म्हणाली आणि पाय पसरून आरामात मागं टेकली. "हे मला मिळालंय. चालव."